तक्तेकाकांचा शेवटचा रकाना

लालबागच्या आमच्या चाळीत कुणाला मोबाइल, मिक्सर, टीव्ही, इस्त्री, इतकंच काय दाढीचं मशीन जरी घ्यायचं असलं, तरी आधी तक्तेकाकांना विचारायची पद्धत होती. गावचा देवसुद्धा कौल द्यायला एवढा वेळ लावत नाही; तक्तेकाका महिना लावायचे. आणि एवढं करून 'हे घे' असं ते कधीच सांगत नसत. त्यांनी कुणाला 'घे' म्हटलेलं मला तरी आठवत नाही. ते म्हणायचे, "थांब. उतरेल."

त्यांचं खरं आडनाव परब. पण पोस्टमन सोडला तर ते कुणाच्या ध्यानात नव्हतं. दुसऱ्या मजल्यावर आमच्या खोलीला लागून त्यांची खोली. घरात ते आणि नलूकाकू, दोघंच. एकुलती लेक लग्न होऊन नागपूरला गेलेली, तिचा रविवारी फोन यायचा. काका आधी मिलमध्ये होते, मिल बंद झाल्यावर एका गोदामात माल तपासायला लागले, आणि तिथून निवृत्त झाल्यावर वस्तूंचे भाव आणि गुण ताडून बघणं हाच त्यांचा पूर्णवेळचा उद्योग झाला. त्याचा त्यांना कुणी पैसा देत नव्हतं आणि त्यांनी मागितलाही नाही.

तक्ता करायला त्यांना पतपेढीच्या कॅलेंडरची पानं लागत. बाकीच्या कॅलेंडरांच्या पाठीवर राशिभविष्य आणि पाककृती छापलेल्या असतात. पतपेढीच्या कॅलेंडरची पाठ कोरी. महिना संपला की दहा-बारा घरांतून फाडलेलं पान त्यांच्याकडे पोचायचं. त्यावर पट्टीने रेघा, आणि लिहायचं ते शिसपेन्सिलीने, कारण "भाव खोडावा लागतो, माणूस खोटं बोलतो." डावीकडे वस्तूंची नावं, वर रकाने: छापील किंमत, सांगितलेली किंमत, उतरून आलेली किंमत, वॉरंटी किती आणि कशाकशाची, वजन, बॅटरी कंपनीच्या मते किती तास आणि खरी किती तास. हे खरे तास काढण्यासाठी ते बसच्या रांगेत अनोळखी माणसालाही विचारायचे, "हा फोन तुमचाच ना? सकाळी किती वाजता चार्ज केला होता?" सर्व्हिस सेंटर चाळीपासून चालत किती मिनिटांवर आहे याचाही एक रकाना असे, आणि ती मिनिटं त्यांनी स्वतः चालून मोजलेली असत.

सगळ्यात उजवीकडे, शेवटी, एक रकाना असायचा. त्यावर लिहिलेलं असे, 'कशाला हवंय?' तो ते आपल्या मनाने भरत नसत. ज्याला वस्तू घ्यायची त्याला विचारत, आणि मग लिहीत. मी नोकरीला लागले तेव्हा पहिल्या पगारातून कॅमेऱ्याचा मोबाइल घ्यायचं मनात होतं. काकांनी विचारलं, "कशाला हवंय गो?" म्हटलं, फोटो काढायला. "कोणाचे?" मी ऑफिसातल्या दोघींच्या मोबाइलचं कौतुक सांगायला लागले. त्यांनी रकान्यात लिहिलं, 'ऑफिसात दोघींकडे आहे म्हणून.' मी इतकी चिडले की आठवडाभर त्यांच्या दारावरून मान वळवून जात होते. शेवटी त्यांच्या तक्त्यातला साधा, बटणांचा मोबाइल घेतला आणि तो सहा वर्षं चालला. त्या दोघींनी तेवढ्यात चार बदलले. काका एकदाही 'बघ, मी सांगत होतो' असं म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर बरं झालं असतं. त्यांच्यावर रागवायला काहीतरी निमित्त राहिलं असतं.

दादरच्या दुकानांत आणि लॅमिंग्टन रोडच्या गाळ्यांमध्ये त्यांना सगळे ओळखत. म्हणजे ते लांबून येताना दिसले की एखाद्या सेल्समनला गोदामातलं काम आठवायचं. मी दोनतीनदा त्यांच्याबरोबर गेले आहे. हेडफोनची वायर ते दोन बोटांत धरून सुतासारखी पिळून बघत. मिक्सर चालू करायला लावून भांड्यावर तळहात टेकवून उभे राहत. मिलमध्ये ते कापड तपासायच्या खात्यात होते. डोळ्यांसमोरून सरकणाऱ्या ताग्यातला एक तुटका धागा त्यांना दिसायचा. तो डोळा मिलबरोबर गेला नाही. एक सेल्समन एकदा वैतागून म्हणाला, "अंकल, लेना है या खाली देखना है?"

"देखने का पैसा लगता है क्या?"

"नहीं."

"तो देखने दे ना. लेने का लगता है."

ही सवय जन्माची नव्हती. मिल बंद पडली आणि हातात जे काही आलं, त्यातून काकांनी पहिल्याच आठवड्यात रंगीत टीव्ही आणला होता. लाकडी कपाटाचा, सरकत्या दारांचा. काकूंना तो आवडला होता, आणि त्या दिवसांत घरात काहीतरी आनंदाचं आणायची काकांना घाई झाली होती. चौथ्या महिन्यात टीव्ही गेला. आतली नळी जुनी, वरचं नाव खोटं, आणि दुकान होतं तिथे झेरॉक्सवाला बसलेला. तो टीव्ही शेवटपर्यंत त्यांच्या खोलीत होता. आतली यंत्रं काढून टाकून काकू त्यात डाळींचे डबे ठेवत. "घाई करणाऱ्याला दुकानदार चालीवरून ओळखतो," हे काकांचं वाक्य तिथलं. जेवायला बसलं की समोर ते कपाट, त्यामुळे त्याचा विसर पडायची सोय नव्हती.

वाईट हे, की त्यांचं नेहमी बरोबर यायचं. माझ्या भावाला त्यांनी टीव्हीसाठी गणपतीपासून पाडव्यापर्यंत थांबवलं, आणि पाडवा झाल्यावर आणखी पंधरा दिवस थांबवलं. भाऊ दात-ओठ खात थांबला आणि तोच टीव्ही पाऊण किमतीत घेऊन आला, वर भिंतीला लावायचा स्टँड फुकट. असं चारदोनदा झाल्यावर त्यांच्या 'थांब'वर चाळीचा विश्वास बसला, आणि चाळीपेक्षा जास्त त्यांचा स्वतःचा बसला. अख्ख्या चाळीला स्वस्तात वस्तू मिळवून देणाऱ्या या माणसाच्या घरी मात्र रबर लावलेला रेडिओ, एक पंखा आणि लेकीने टाकलेला मोबाइल. स्वतःसाठी केलेला तक्ता कधी पुराच होत नसे. नवं मॉडेल आलं की खाली एक ओळ वाढे. काकू म्हणायच्या, "लग्नाचो तक्तो केल्यानी असतो, तर मी अजून म्हायेराकच असतंय."

काका जितके मोजून बोलत तितक्या काकू न मोजता बोलत. दारात तांदूळ निवडायला बसल्या की नळाच्या पाण्यापासून गावच्या भावकीपर्यंत सगळं त्या एका सुपात पाखडायच्या. आणि काका मनमोकळं बोलायचे ते फक्त त्यांच्याशी. दुपारची जेवणं झाली की दोघं दाराशी बसत. आज काय काय बघितलं ते काका सांगत. कुठल्या इस्त्रीचं टोक बोथट आहे, कुठल्या दुकानात न विचारता थंड पाणी देतात. काकूंना त्या इस्त्रीचं काडीचं कौतुक नसे, पण मधेच त्या असं काही विचारत की काका हसत सुटायचे. मी परीक्षेच्या सुट्टीत घरी असले की ते हसणं भिंतीपलीकडून ऐकू यायचं. समोर हसताना मी काकांना क्वचितच बघितलं.

मग काकूंच्या कुकरच्या शिट्ट्या चुकायला लागल्या. भिंतीवर लाटणं आपटून त्या मला विचारायच्या, "शिट्यो किती झाल्यो गो?" पहिल्यांदा आम्हाला गंमत वाटली. मग भात करपायला लागला. मग दारावरचा दूधवाला हाका मारून निघून जायला लागला. आणि मग रविवारी लेकीचा फोन आला की त्या दोन मिनिटांत मोबाइल काकांच्या हातात द्यायला लागल्या. "तुम्हीच बोला. माका रेंज मिळणा नाय."

परळच्या एका हॉस्पिटलात त्यांना दाखवलं. मी बरोबर होते. दोन्ही कानांना मशीन लावावं लागेल, असं तिथल्या तपासणाऱ्या बाई म्हणाल्या, आणि पुढे म्हणाल्या, "फार दिवस लावू नका हं, काका." काकांनी मान डोलावली आणि विचारलं, "कुठल्या कंपनीचं?" बाईंनी तीन माहितीपत्रकं दिली. ती वाचत वाचत आम्ही दोघं बाहेर पडलो. काकू मागून येत होत्या, आणि फाटकापर्यंत आम्ही कुणीच मागे वळून बघितलं नाही.

पैशाची अडचण नव्हती, हे सांगायला हवं. नाहीतर काकांवर अन्याय होईल. लेकीच्या लग्नानंतर शिल्लक राहिलेली ठेव होती, आणि ती नलूच्या कानांसाठी मोडायची हे त्यांनी त्याच दिवशी ठरवून टाकलं होतं. अडचण होती ती या बाजाराची. कानाच्या मशीनच्या दुकानात वस्तू कपाटात मांडलेली नसते. किमतीची पाटी नसते. दवाखान्यासारखी खोली असते, आणि भाव विचारला की समोरचा आधी तुम्हाला निरखतो. तेच मशीन गिरगावात एका भावाला, दादरला दुसऱ्या, आणि वडाळ्याला तिसऱ्याच. चार चॅनेलचं, आठ चॅनेलचं, सोळा चॅनेलचं. कानामागचं, कानातलं, सेलवरचं, चार्जिंगचं, मोबाइलला जोडणारं. काका तीनतीनदा जाऊन यायचे आणि तीन वेगळे आकडे आणायचे. खोडून खोडून कागद फाटला, तेव्हा त्यांनी मागून दुसरं पान चिकटवलं. "हे लोक कान बघून भाव सांगत नाहीत, शुभे," ते मला म्हणाले. "माझ्या चपला बघून सांगतात."

काकूंना त्यांनी यांतल्या एकाही ठिकाणी नेलं नाही. तिला दगदग नको, असं सांगायचे. खरं कारण मला ठाऊक होतं. ज्याला वस्तू हवी आहे तो समोर बसला की दुकानदार भाव चढवतो, हे त्यांनी आम्हा सगळ्यांना शिकवलं होतं. म्हणून ज्या कानांसाठी मशीन घ्यायचं ते कान लालबागला घरी, आणि काका मुंबईभर.

तोवर काकूंनी आपल्यापुरती एक तोड काढली होती. कुणी काही बोललं की हसून म्हणायचं, "होय, होय." बहुतेक वेळा ते चालून जातं, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. चाळीत कुणाचं काय, 'पाणी आलं', 'ऊन फार आहे', 'बाजारात चाललेय.' सगळ्याला होय, होय. पण खालच्या मजल्यावरच्या बाईंनी एकदा सांगितलं की त्यांचा भाऊ गावी अचानक वारला, आणि काकू हसून "होय, होय" म्हणाल्या. त्या बाईंनी पुढे त्यांच्याशी बोलणं सोडलं. हळूहळू बाकीच्यांनीही सोडलं. भांडून नाही, कंटाळून. तीच गोष्ट चारदा ओरडून सांगायला माणसाला जिवावर येतं. मलाही येई. लग्नानंतर मी माहेरी गेले की काकूंना हात करून पुढे जायचे. हे लिहिताना लाज वाटते, पण मी तसंच करत होते. दुपारी भिंतीपलीकडून आता काकांचा चढा आवाज यायचा, एकच वाक्य दोनदा, तीनदा, आणि मग काही नाही.

मी तेव्हा लग्न होऊन अँटॉप हिलच्या सरकारी वसाहतीत राहायला आले होते. एका रविवारी काका दोन बस बदलून माझ्याकडे आले. काखेत कॅलेंडरच्या पानांची गुंडाळी. घरी सासरची माणसं जेवायला यायची होती, मी कणीक मळत होते. काकांनी गुंडाळी जेवणाच्या टेबलावर पसरली, चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवल्या. अकरा मशीनांपैकी दोन वर्षांत नऊ खोडली होती, दोन उरली होती. त्यांनी एकावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "शुभे, हे घेऊन टाकू काय?"

काकांनी कुणाला सल्ला विचारलेला मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होते. मी कणकेचा हात पुसला, मोबाइलवर बघितलं. त्याच कंपनीचं नवं मॉडेल यायचं होतं, चार्जिंगचं. मग मी, जिला त्यांनी सहा वर्षं बटणांचा मोबाइल वापरायला लावला होता ती मी, हसून म्हणाले, "काका, थांबा. उतरेल."

काय फर्मास बोलले, असं वाटलं मला. काकाही हसले. माझ्यासमोर हसले. "शिकलंस," म्हणाले. वाट्या उचलून एकात एक ठेवल्या, पान गुंडाळलं. चहा ठेवते म्हटलं तर "तुझ्याकडे माणसं यायची आहेत" म्हणून उठले. त्यांना त्या दिवशी माझ्याकडून तक्ता तपासून घ्यायचा नव्हता. त्यांना कुणीतरी 'घ्या' म्हणायला हवं होतं; आयुष्यभर दुसऱ्यांना थांबवलेल्या माणसाला स्वतःहून निघता येत नव्हतं. एवढं साधं मला कळलं नाही. मी पोळ्या लाटायला लागले.

दिवाळीत भाव खरोखर उतरला. तोवर चार्जिंगचं मॉडेल आलं होतं, आणि ते पुढच्या पाडव्याला उतरणार होतं. तक्त्याला तिसरं पान चिकटलं. मग सगळंच बंद झालं. दुकानं, बस, आणि माणसांची तोंडंसुद्धा. काकू ओठ बघून निम्मंशिम्मं ओळखत होत्या, हे सगळ्यांच्या तोंडाला मास्क लागले तेव्हा आम्हाला समजलं. गॅलरीत समोर येणारं प्रत्येक माणूस त्यांना मुकं झालं. घरात काका मास्क काढून बोलत, पण त्यांच्या ओठांवर पन्नास वर्षांची झुपकेदार मिशी होती. एक दिवस काकांनी ती काढून टाकली. चाळीला वाटलं, गावाकडे कुणीतरी गेलं. कुणी विचारलं तर काका एवढंच म्हणाले, "नलूला दिसत नव्हतं."

दुकानं उघडल्यावर त्यांनी मला फोन केला. "उद्या दादरला ये. घ्यायचं आहे." 'घ्यायचं' हा शब्द त्यांच्या तोंडून ऐकून मला आनंद झाला, इतकी मी अजाण होते. काकू हिरवं काठापदराचं लुगडं नेसून, केसांत अबोली माळून आल्या होत्या. तिथल्या तरुण तंत्रज्ञाने त्यांना काचेच्या खोलीत बसवलं, तक्त्यातलं सगळ्यात वरचं मशीन दोन्ही कानांना लावलं आणि बटण दाबलं. काकू दचकल्या. वर बघितलं. "पंखो!" त्या ओरडल्या. "पंख्याचो आवाज येता!" काकांनी माझा दंड धरला.

मग त्याने तोंडासमोर कागद धरून शब्द म्हणायला सुरुवात केली. पाणी. काकू म्हणाल्या, "होय, होय." "आजी, मी म्हणतो तेच तुम्ही म्हणायचं." दूध. काकू त्याच्याकडे बघत राहिल्या, मग काचेतून काकांकडे. घर. दार. भात. वीस शब्द झाले. दोन बरोबर आले, आणि तेही बहुतेक अंदाजाने.

"आवाज पोचतोय," बाहेर येऊन तो म्हणाला. "पण शब्द कळत नाहीत. बरीच वर्षं नीट ऐकलं नाही की मेंदूची सवय मोडते. सराव केला तर थोडं परत येईल. पण थोडंच."

काकांनी विचारलं, "याच्या वरचं मॉडेल नाही का?"

"मशीनचा प्रश्न नाही, काका. हे तीन-चार वर्षं आधी लावायला हवं होतं. तेव्हा याच्या कितीतरी खालचंही चाललं असतं."

"खालचंही?" काकांनी विचारलं. तो हो म्हणाला. काकांनी पुन्हा विचारलं, "खालचंही चाललं असतं?" मग खिशातून पाकीट काढलं आणि त्याने जो आकडा सांगितला तो दिला. एक रुपया कमी करा म्हणाले नाहीत. दुकानातून बाहेर पडताना काकू फुलवाल्यांच्या गलक्यात कानांवर हात दाबून उभ्या राहिल्या, आणि काका त्यांच्या हाताला धरून रस्ता कधी मोकळा होतो त्याची वाट बघत होते. मी टॅक्सी शोधण्याच्या निमित्ताने पुढे गेले, कारण मला त्यांच्या तोंडाकडे बघवत नव्हतं.

त्यानंतर काकांनी कुणालाच तक्ता करून दिला नाही. चाळीतली मुलं आता मोबाइलवरच भाव बघतात, त्यांना गरजही नव्हती. पतपेढीची पानं मात्र ते अजून मागून घ्यायचे. त्यावर नवे रकाने होते: शब्द, किती वेळा म्हटला, कळला का. रोज दुपारी जेवण झालं की दाराशी बसून ते काकूंना दहा शब्द म्हणून दाखवत, आधी मिशीविना ओठांनी, मग तोंडावर हात धरून. गूळ. ताट. पाऊस. नलू. काकूंना मशीनचा त्रास होई. भांडी, उड्डाणपुलावरच्या गाड्या, समोरच्या गल्लीतल्या मसाल्याच्या गिरण्या, सगळं एकदम डोक्यात शिरे. काका बाहेर गेले की त्या मशीन काढून कुंकवाच्या डबीशेजारी ठेवत आणि जिन्यात त्यांची चाहूल... नाही, चाहूल कुठली लागायला. घड्याळ बघून परत लावत. दीड वर्षात बावीस शब्दांपुढे बरोबरची खूण झाली. 'नलू' त्यांत होता. तेविसावा झाला नाही.

गेल्या वर्षी काकांच्या छातीत पाणी झालं. लेक नागपूरहून यायला निघाली होती. तोवर दुपारच्या भेटीच्या वेळेला मी काकूंना घेऊन वॉर्डात जायचे. काकू मशीन लावून यायच्या. काकांच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी काकूंचा हात धरला आणि मास्कच्या आतून काहीतरी म्हणाले. मास्कवर वाफ धरली. पुन्हा म्हणाले. काकूंनी माझ्याकडे बघितलं. "काय म्हणतत ते?"

मी वाकून ऐकलं. ते म्हणत होते, "माझं चुकलं."

मी काकूंच्या कानाशी जाऊन सांगितलं. कळलं नाही. मोठ्याने सांगितलं. शेवटी मी त्या भरल्या वॉर्डात ओरडले, "माझं चुकलं!" पलीकडच्या खाटांवरच्या माणसांनी माना वळवल्या, एक नर्स दारात येऊन उभी राहिली. काकूंनी माझ्याकडे बघितलं, काकांकडे बघितलं, आणि त्यांचा हात थोपटत हसून म्हणाल्या, "होय, होय."

त्या होय, होयचा अर्थ काकांइतका कुणालाच माहीत नव्हता.  त्यांनी डोळे मिटले. पहाटे गेले, लेक पोचायच्या आधी.

दिवसकार्य झाल्यावर मी काकूंना भेटायला गेले. लेक त्यांना नागपूरला नेणार होती आणि खाली सामानाचा टेम्पो ठरवत होती. काकूंच्या कानांत मशीन नव्हतं. आता कुणासाठी लावायचं, म्हणाल्या. डाळींचं ते कपाट रिकामं केलं होतं. त्यातून त्यांनी एक गुंडाळी काढून माझ्या मांडीवर ठेवली. "तुका दितंय. तुका समाजतला."

तिन्ही पानं चिकटवलेला तो तक्ता होता. अकरा मशीनं, नंतरच्या पेन्सिलीने वाढलेली आणखी सहा. शेवटच्या रकान्यात, 'कशाला हवंय?'च्या खाली, एकच वाक्य वरपासून खालपर्यंत सगळ्यांसाठी लिहिलं होतं: 'दुपारी बोलायला.' आणि खाली, जिथे ते नेहमी आपला शेरा लिहीत, तिथे त्या रविवारची तारीख घालून नीटस अक्षरात लिहिलं होतं, 'घ्यावं असं वाटतं. शुभा म्हणते थांबा.' माझ्या नावाखाली रेघ ओढलेली होती. किमती इतक्यांदा खोडल्या, पण ते वाक्य त्यांनी खोडलं नव्हतं, आणि मला कधीही एका शब्दाने बोलून दाखवलं नव्हतं.

काकू समोर बसल्या होत्या. त्यांना वाचता येतं, सावकाश, पण येतं. तक्त्याच्या गुंडाळीतच काकांची शिसपेन्सिल होती, आणि कागदाच्या खालच्या बाजूला चार बोटं जागा कोरी होती. लिहिलं असतं तर त्यांना कळलं असतं.

मी पेन्सिल उचलली नाही. मी तोंडाने म्हणाले, "काकू, त्यांना थांबा मी सांगितलं होतं."

काकू माझ्याकडे बघून हसल्या. "होय, होय," म्हणाल्या.